चाळीस मिनिटांचं परिपत्रक

सुदेशचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याला कारण सिद्धगड नव्हता. सिद्धगडाचं सगळं ठरलेलं होतं. चौदा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे डोंबिवलीहून निघून मुरबाडमार्गे पायथा, साडेअकराला माथा, काळोख पडायच्या आत खाली. साडेअकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हेही लाल पेनाने लिहून झालं होतं. नकाशाला तीन रंग वापरले होते. घोडं अडलं होतं ते एका नावावर. पोपटदादांचं नाव यादीतून कापायचं होतं.

पोपटदादा कोपरला राहायचे. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, वय चौसष्ट. बावीस वर्षांपूर्वी सुदेशला पहिला डोंगर त्यांनीच चढवला. उतरताना बुटाची नाडी कशी आवळायची इथपासून सगळी विद्या त्यांचीच. पण गेल्या वर्षी ते एका चढावर बसले ते दीड तास उठलेच नाहीत, आणि सगळ्यांना बॅटऱ्या लावून अंधारात उतरावं लागलं. तेव्हापासून ग्रुपमधला सिद्धेश सुदेशच्या मागे लागला होता. वय सव्वीस, त्यामुळे जगात कोणी दमतं हे त्याला पटतच नसे. काकांना आता झेपत नाही, तुम्हीच बोला, आमचं ते ऐकणार नाहीत, असं त्याचं पालुपद.

बोलायला म्हणून सुदेश दोनदा कोपरला जाऊन आला. चार मजले धापा टाकत चढला, चहा प्याला, महानगरपालिकेला शिव्या घातल्या आणि परत आला. दुसऱ्या वेळी तर खारीही खाऊन आला.

"सांगितलंस का?" त्याच्या बायकोने, मायाने, दार उघडताच विचारलं. सुदेशने चपला काढायला नको तितका वेळ लावला.

आता सुदेश ठाण्याच्या एका ऑफिसात हेडक्लार्क. तिथे एक रीत आहे. एखादा उशिरा येत असेल तर त्याला तोंडावर कोणी काही बोलत नाही. परिपत्रक निघतं, सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की. सर्व म्हणजे नेमका कोण, हे सर्वांना ठाऊक असतं. सुदेशने तेच हत्यार काढलं आणि ग्रुपवर मेसेज टाकला. यंदापासून चाचणी होईल. महिन्याने, रविवारी, पाठीवर आठ किलो घेऊन मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढायच्या, चाळीस मिनिटांत. जो चुकेल तो यादीत नाही. नियम सर्वांना सारखा.

भित्रेपणा इतक्या सभ्य भाषेत करता येतो हे त्याचं त्यालाच कौतुक वाटलं, पण ते दहाच मिनिटं टिकलं. पोपटदादांनी मेसेजवर नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा सुदेशला महिनाभर टोचत राहिला. ऑफिसात फाइल उघडली की तोच, जेवायला बसलं की तोच. तो उठून नकाशा घ्यायचा, पाण्याच्या जागा पुन्हा हिरव्या करायचा, आणि नकाशा घडी घालून पुन्हा उलगडायचा. मायाने एकदा तो माळ्यावर टाकायची धमकी दिली.

चाचणीचा रविवार आला. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर वेळ लावायची आणि वर पोचल्यावर ती दाखवायची. जो पहिला निघेल त्याने वर सगळ्यांच्या वेळा वहीत लिहून घ्यायच्या, असं ठरलं. दोन-दोन मिनिटांनी एकेकाला सोडायचं. वयाचा मान म्हणून पोपटदादा पहिले निघाले, संयोजक म्हणून सुदेश शेवटी.

दहाव्या मिनिटाला सुदेश पहिल्यांदा पायरीवर बसला. महिनाभर नकाशे काढण्यात त्याचा एक जिनाही चढून झाला नव्हता. ऑफिसात लिफ्ट, घरी लिफ्ट. छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली, आणि खिशातला फोन वाजला. ग्रुपवर देवळाचा फोटो होता. छत्तीस मिनिटं, पोपटदादा. सुदेशला आनंद झाला, अगदी खरा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी शरम वाटली की तो लगेच उठला. पण शरमेने पायऱ्या चढून होत नाहीत. तो आणखी तीनदा बसला.

वर पोचला तेव्हा सगळे सावलीत सरबत पीत होते. दाराशी वही घेऊन एकटे पोपटदादा. सुदेशने मोबाइल पुढे केला. सत्तेचाळीस मिनिटं. पोपटदादांनी आकडा पाहिला, सुदेशकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, अडतीस.

"चला, सगळे पास," ते मागे वळून म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुदेशला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. त्याने सरबताचा ग्लास तोंडाला लावला.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. माया काय झालं ते विचारत राहिली आणि तो पित्त झालं म्हणत राहिला. वही समोर होती. सतरा वेळा उघडली असेल, अडतीस काही बदललं नाही. सोमवारी ऑफिस सुटल्यावर तो घरी न जाता थेट कोपरला गेला आणि वही बगलेत मारून चार मजले चढला. पोपटदादा दारातच वर्तमानपत्र वाचत बसले होते. या वेळी त्याने चहाची वाट पाहिली नाही.

"दादा, तो नियम मी तुम्हाला गाळायला काढलेला."

"माहितीये," पोपटदादा म्हणाले. "माझ्या मापानेच शिवलेला तो. पोरांना कशाला लागतात चाळीस मिनिटं? म्हणून महिनाभर हा जिना चढलो, पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून. खालच्या बाईने सुनेला विचारलं, घरात भांडण झालंय का, म्हातारा सारखा बॅग घेऊन निघतो आणि परत येतो."

सुदेशला हसू आलं नाही. "मग अडतीस का लिहिलंत?"

पोपटदादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "सत्तेचाळीसच लिहायला पेन उचललेलं रे. तुझं तोंड बघितलं आणि जमलं नाही. तू इथे दोनदा चहा पिऊन गेलास ना, तसंच."

म्हणजे दोन्ही वेळा त्यांना कळलं होतं. सुदेशला तिथेच रडावंसं वाटलं. त्याऐवजी त्याने वही उघडली, अडतीसवर काट मारली, सत्तेचाळीस लिहिलं, खाली सही केली आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. मग पिशवीतला नकाशा काढून पोपटदादांपुढे ठेवला. ते नको म्हणतील, असं त्याला आत कुठेतरी वाटत होतं.

"हिरवं म्हणजे पाणी का?" त्यांनी विचारलं, आणि नकाशा ठेवून घेतला.

पुढच्या रविवारी तेरा जण सिद्धगडला गेले. मागे एक माणूस फोनपाशी बसवायचा, संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही तर त्याने पायथ्याच्या गावात कळवायचं, हा त्यांचा जुना नियम. बावीस वर्षं ते काम मायाकडे होतं. या वेळी तिथे सुदेश बसला. नऊ वाजता त्याने फोनची बॅटरी पाहिली. सव्वानऊला पुन्हा पाहिली. दहाला तो गॅलरीत गेला, रेंज आत जास्त होती म्हणून आत आला. अकराला मायाने त्याच्यापुढे निवडायला मेथी ठेवली.

"दरवर्षी असंच होतं का गं तुला?" त्याने विचारलं.

"दरवर्षी मेथी नसते," ती म्हणाली.

अकरा पस्तीसला फोन वाजला. पोपटदादांचा श्वास ऐकू येत होता, मागे वारा.

"माथा समोर दिसतोय, वीस मिनिटांवर. पण साडेअकरा वाजले. फिरतोय मागे."

"तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. सिद्धेशच्या पोटरीत गोळे आले, तासभर त्याच्यासाठीच थांबलेलो."

सुदेशच्या हातातली मेथी तशीच राहिली. "त्याला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुझ्यामुळे फिरतोय, असं सांगितलं. तोंडावर. रडला थोडा. मग पाणी प्यायला, आता माझ्यापुढे उतरतोय." वाऱ्याने दोन शब्द खाल्ले. "वही आहे ना जवळ? वेळ लिही."

सुदेशने घड्याळ पाहिलं आणि अकरा पस्तीस लिहिलं.