भिंगरीची तहान

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची पाण्याची बाटली आहे. कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं आणि चाकावर घासून चकाकी आणली. दुकानाच्या काचेमागे मी बरीच धूळ खाल्ली. मग एका बाईंनी मला उचललं, झाकणाचे आटे फिरवून पाहिले आणि लेकीच्या दप्तरात घातलं.

त्या बाई शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तरुणपणी तो पूर्वेकडच्या एका दूरच्या देशातून बोटीवर आला आणि इथलाच होऊन गेला. त्यांची मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. खेळाच्या नादात ती पाणी प्यायला विसरायची आणि आईची बोलणी खायची.

ती अकरा वर्षांची झाली आणि सगळं उलटं झालं. पहिल्या तासालाच मी रिकामी होऊ लागले. ती मला नळावर भरायची, प्यायची, पुन्हा भरायची. सारखी वर्गाबाहेर जाते, अशी वर्गशिक्षिकेची तक्रार आली. जवळच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. "सवय लागलीय. पाणी हाताशी ठेवू नका," ते म्हणाले.

आईनं मला कपाटावर ठेवलं. तिथून सगळी खोली दिसायची. एका दुपारी आई शिलाई मशीनवर वाकलेली होती. भिंगरी आत आली. तिचे ओठ फुटले होते. तिनं फुलदाणीतली फुलं अलगद काढून ठेवली आणि तळाचं हिरवट पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

मशीन थांबलं. आईनं मला खाली काढलं, भरलं आणि पुढे केलं. भिंगरीनं हात लांबवला, पण तो माझ्या शेजारून हवेतच गेला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उंचीबद्दल विचारलं.

"गेल्या वर्षीचाच गणवेश घालतेय," आई म्हणाली. "खालची शिवण उसवावीच लागली नाही."

डॉक्टरीणबाई वडिलांकडे वळल्या. "तुम्ही मूळचे कुठले?"

हा प्रश्न त्यांना कचेऱ्यांच्या अनेक खिडक्यांवर ऐकावा लागला होता आणि त्यानंतर कधीच काही चांगलं घडलं नव्हतं. "त्याचा इथं काय संबंध?"

"मेंदूत एक गाठ होते, तिनं अशी तहान लागते आणि उंची थांबते. पूर्वेकडच्या देशांतल्या मुलांमध्ये ती इथल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडते. का, ते अजून नीट उमगलेलं नाही."

"म्हणजे माझ्याकडून आली?"

"नाही. आकडे गर्दीचे असतात, एका पोरीचे नसतात. त्यांच्यामुळे मला शंका आली, एवढंच."

मेंदूच्या फोटोत गाठ दिसली. बाहेर बाकावर वडील मला मांडीवर घेऊन बसले होते. "आमच्या गल्लीत एक मुलगा असाच पाणी प्यायचा," ते म्हणाले. "सगळे त्याला हावरट म्हणायचे."

"पुढे काय झालं त्याचं?" आईनं विचारलं.

त्यांनी माझं झाकण उगाच आणखी घट्ट केलं.

औषधं झाली, किरणं झाली, भिंगरीचे केस गेले. गाठ मात्र हळूहळू विरत गेली. गाठीनं हिरावलेली नजरेची एक बाजू परत आली नाही आणि तहानेचं औषध जन्मभराचं झालं.

याच काळात शेजारच्या खाटेवर एक मुलगा आला. त्याला तीच तहान होती, तीच गाठ होती. पण त्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, त्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती. आला तेव्हा त्याला फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

"आमच्या लोकांत हे फारसं होत नाही म्हणाले," त्याची आजी भिंगरीच्या आईला सांगत होती. "फारसं म्हणजे किती, बाई? मला तर हा एकच नातू आहे."

भिंगरी खाटेवरून उतरली. तिनं मला त्याच्या हातात दिलं आणि त्याची बोटं माझ्याभोवती लपेटली. तो तळापर्यंत प्यायला. मग रिकाम्या भिंतीकडे मला धरून त्यानं विचारलं, "अजून आहे?"

तेव्हापासून मी त्याच्याकडेच आहे. मला पोचे पडलेत, त्यांच्यावर बोटं फिरवून तो मला ओळखतो. मित्रांनो, वर्गात कुणी सारखं पाणी पीत असेल तर त्याला हसू नका, घरी सांगा. आणि आपल्याकडे असं होत नाही, असं कुणी म्हणालं, तर जरा थांबून त्या मुलाकडे एकदा नीट बघायला सांगा.