आठ किलो तीनशे

कॅमेरामनला कामावर सगळे 'खांब' म्हणत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं कॅमेरा खांद्यावर घेऊन चार मिनिटांचा शॉट तसूभरही न हलता काढला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं. गेल्या वर्षभरात मात्र खांबाचा उजवा हात थरथरू लागला होता. बायकोनं विषय काढला की तो पेपर तोंडापुढे धरायचा आणि मग पेपरच फडफडायला लागायचा.

तशात दिग्दर्शिकेनं त्याला चित्रपटातला सगळ्यात लांब शॉट समजावून सांगितला. हमाली करणारी नायिका पार्सलच्या गोदामात शिरते, मांडण्यांमधून चालत जाते, चढण चढते आणि वरच्या ऑफिसात पोचते. तीन मिनिटं, मध्ये कुठेही तुकडा नाही.

"होऊन जाईल," खांब म्हणाला. जणू हातानं तसं लिहून दिलं होतं.

सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात तो गेला. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळेच मावशी म्हणत. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "कॅमेऱ्याचं वजन किती?"

"चार किलो."

"नुसत्या कॅमेऱ्याचं, की सगळं धरून?"

"सगळं धरून," तो म्हणाला. हे सांगताना मात्र त्याचं काहीही थरथरलं नाही.

मावशींनी दोन स्टॅबिलायझर काढले. एकाचं जाकीट अंगात घालायचं. त्याला स्प्रिंगचा हात, हाताला दांडा आणि दांड्यावर कॅमेरा. दुसरा दोन्ही हातांनी धरायचा, त्यात कॅमेरा सरळ ठेवणाऱ्या मोटरी.

"जाकीट न्या," मावशी म्हणाल्या. "तरुणपणी तुम्ही हेच वापरायचात."

तरुणपणी त्याला पोटही नव्हतं. त्यानं जाकीट चढवलं, श्वास आत ओढला, चेहरा लालबुंद केला, तरी पट्ट्याची दोन टोकं चार बोटं लांबूनच एकमेकांकडे बघत राहिली.

"पट्टा मागून सैल होतो."

"पट्ट्याचं नाही हो. आता जमाना हलक्या सामानाचा आहे," तो म्हणाला आणि मोटरीवालं घेऊन निघाला. थरथरीचं मोटरी बघून घेतील, असा त्याचा हिशेब होता.

गोदामात सकाळी त्यानं कॅमेरा त्यावर चढवला. मग लांबडी लेन्स आली, बॅटरी आली, मॉनिटर आला, फोकस फिरवणारी मोटर आली. लेन्सच्या भारानं कॅमेरा पुढे झुकला. त्यानं तो मागे सरकवला, अजून मागे सरकवला, पट्टीच संपली. तोल साधला नव्हता हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं बटण दाबलं.

मोटरी गुणगुणल्या. कॅमेऱ्यानं सगळ्यांदेखत दोनदा 'नाही, नाही' अशी मान हलवली आणि खाली घातली.

"दादा, हे शॉटमध्ये आहे?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"गरम होतंय जरा."

पार्सलं तोलणारी बाई काट्यामागून मघापासून हा प्रकार बघत होती. "आणा इकडे," ती म्हणाली. कॅमेरा काट्यावर बसला. "आठ किलो तीनशे. नाजूक सामानाची चिठ्ठी लावू?"

फोकस सांभाळणाऱ्या मुलीनं स्टॅबिलायझर उलटा करून खालची पाटी मोठ्यानं वाचली, "जास्तीत जास्त साडेचार किलो." तिला हळू वाचता येत नसावं.

खांबानं बाजूला जाऊन मावशींना फोन लावला.

"आठाच्या वर भरलं ना?" त्याच म्हणाल्या. "जाकीट गाडीत टाकलंय. पट्टा सैल केलाय. निघतेच."

मावशी आल्या. त्यांच्या हातून दांडा घेताना त्याचा हात लपला नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं," तो म्हणाला. हे त्यानं बायकोपाशीही कधी कबूल केलं नव्हतं.

"मग त्यात लाज कसली? हात थरथरला तर यंत्र सांभाळून घेतं. वजन खोटं सांगितलं तर ते बिचारं काय करणार?"

तो कामाला लागला. शॉटमध्ये जे लागणार ते सगळं चढवलं, लोंबणाऱ्या वायरी बांधल्या. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर. कॅमेरा केसभर पुढे, केसभर डावीकडे, असं करत दांडा सरळ उभा केला. मग तोल तपासायला तो आडवा धरून सोडला. कळशी विहिरीत पडावी तसा तो धाडकन खाली आला. खालचा भार जास्त होता. बॅटरी थोडी वर घेतली. तिसऱ्या खेपेला दांडा सावकाश, एक, दोन, तीन म्हणेपर्यंत खाली आला आणि उभा राहिला.

मग तो दिग्दर्शिकेकडे गेला. "माझा हात थरथरतो. आधीच सांगायला हवं होतं."

तिनं एवढंच विचारलं, "शॉट होईल?"

"माहीत नाही." कामावर हे दोन शब्द तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता.

पहिल्या वेळी त्यानं दांडा घट्ट आवळला आणि चित्राला हुडहुडी भरली. "धरू नका, नुसती बोटं टेकवा," फोकसवाली म्हणाली. दुसऱ्या वेळी चित्र छान आलं, पण चढणीवर ध्वनिमुद्रकानं हात वर केला. "गोदामात कुठे इंजिन चालू आहे का?" ते खांबाचं धापा टाकणं होतं. पाच मिनिटं बसून, पाणी पिऊन तो तिसऱ्यांदा उठला. या वेळी आठ किलो तीनशे नायिकेच्या मागोमाग तरंगत वर गेले. दिग्दर्शिकेनं शॉट दोनदा पाहिला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं घामेजल्या बोटांनी बायकोला निरोप धाडला, 'डॉक्टरांकडे उद्याचा नंबर लाव.'

जिन्यावरचा एक छोटा शॉट उरला होता. खांबानं जाकीट उतरवून फोकसवालीपुढे धरलं. "घाल."

"मी? मला येत नाही!"

"मलाही सकाळी कुठे येत होतं?"

पट्टा तिच्या मापाचा आवळून त्यानं तोल पुन्हा तपासला. नायिकेला समोरून टिपत ती जिना उलटी उतरणार होती, म्हणून तो तिच्या मागे राहिला, पाठीवर हात ठेवून. "पायरी... पायरी... आता वळण... पायरी..."

शेवटची पायरी त्याची स्वतःचीच चुकली आणि तो पार्सलांच्या ढिगात जाऊन बसला. ती त्याच्या पायांना वळसा घालून पुढे गेली. फ्रेम जराही हलली नाही.