डावी बाजू

"डावं अंडाशय कधी काढलंय?" डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

प्रियदर्शनीला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. पण सोनोग्राफीच्या त्या गार खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

"माझं? नाही मॅडम. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. नववीत होते तेव्हा."

"अपेंडिक्सचा टाका उजवीकडं असतो. तुमचा मधोमध आहे, उभा." डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा यंत्र फिरवून बघितलं. "डावं नाहीये. त्या वेळचे कागद असतील तर घेऊन या."

पोटावरची चिकट जेल पुसून ती बाहेर आली. सात रस्ता चौकात नेहमीसारखी गर्दी होती. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसायची आणि आज तिनं अर्धा दिवस मागून घेतला होता. ती परत कामाला गेली. संध्याकाळपर्यंत तिनं चारशेवर शर्टांना बटणं लावली. शेजारच्या पूनमनं दोनदा विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "कागद मागितलेत."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, अजून मूल नव्हतं. नवरा अमृत चाकणला कंपनीत. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत ती आणि सासू, केराबाई. अमृत पंधरा दिवसांतून एका रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा.

पुढच्या रविवारी अमृत येणार नव्हता. ती माहेरी गेली, सांगोल्याच्या पुढं. आई, गोजाबाई, मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला काटेरी झुडपाची झांप लावत होती. मेंढरं चरायला गेलेली, नुसती कोकरं आत होती.

"आई, माझ्या ऑपरेशनचे कागद कुठं आहेत?"

गोजाबाईचा हात थांबला. "कशाला?"

"डॉक्टरनं मागितलेत."

"न्हाईत. पाण्याच्या चुलीत घातले तवाच."

"का?"

गोजाबाई खाली बसली. झांपेच्या काट्यांकडं बघतच ती बोलायला लागली.

"पोटात गाठ हुती तुझ्या. तिला पीळ बसला. समदं काळं पडलंय म्हनला डॉक्टर. काढलं न्हाई तर पोरगी जाईल. तुझ्या बापानं अंगठा दिला. मी भायेर भिताडाला डोस्कं टेकून बसले हुते."

"मग मला का नाही सांगितलं? माझ्याच पोटातलं होतं की!"

"तू खोटं बोलत न्हाईस, म्हनून." आईनं आता तिच्याकडं बघितलं. "ल्हानपनापास्नं न्हाई. बघायला आलेल्या पैल्याच पावन्याला सांगून मोकळी झाली असतीस. मग लगीन झालं असतं का तुझं? आपल्यात कोन करून घेतंय अशी पोरगी? एक ऱ्हायलंय, त्याच्यावर पोरं व्हत्याल, असं डॉक्टर म्हनला हुता. मी तेवढंच धरून बसले. तीन वरीस झालं, तुजा फोन वाजला की उचलायचं भ्या वाटतंय मला."

प्रियदर्शनीला ओरडायचं होतं. पण आईच्या बोटात काटा मोडला होता. तिनं तो काढून दिला. मग आईनं भाकरी केली आणि दोघींनी खाल्ली. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. पोटावर हात ठेवावासा वाटत होता, पण ठेवला नाही. ऑपरेशनपासून पंधरा वर्षं ज्या अंगात ती राहत होती, ते आज परक्याचं वाटत होतं.

डॉक्टरबाईंना तिनं आईचं बोलणं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

"एकच असलं तरी ते आपलं काम करतं. बहुतेक महिन्यांत बीज तयार होतं. तुमच्या नळ्या उघड्या आहेत, बाकी तपासण्या चांगल्या आहेत. मिस्टर कुठं असतात?"

"चाकणला."

"किती वेळा येतात?"

"महिन्यातून दोनदा. रविवारी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तारखा कशा जुळणार हो?"

तीन वर्षांत केराबाईंनी तिला दोन देवांना नेलं होतं, एका वैद्याचं कडू चूर्ण खायला घातलं होतं. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःसुद्धा नाही.

पाळीच्या दहाव्या दिवशी तपासणी, मग बाराव्या, मग चौदाव्या. बाहेरच्या बाकावर बाकीच्या बायकांबरोबर कुणी ना कुणी असायचं, नवरा, नणंद, आई. काउंटरवरची मुलगी विचारायची, "सोबत कोण?" ती म्हणायची, "कुणी नाही." तिसऱ्यांदा गेली तेव्हा मुलीनं विचारलंच नाही.

"बीजाची पिशवी अठरा मिलीमीटर झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज-उद्या फुटेल. मिस्टरांना बोलवून घ्या."

तिनं जिन्यात उभं राहून फोन लावला.

"सुट्टी कुठली मिळतीय?" अमृत म्हणाला. मागं मशीनचा आवाज होता. "लाइन चालू आहे. रविवारी बघू की."

"रविवारपर्यंत चालत नाही. मीच येते."

"इथं? खोलीत पाच जण आहोत आम्ही."

"मग दुसरीकडं बघा कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी ती चाकणला पोचली. हायवेवरचं लॉज होतं. काउंटरवरच्या माणसानं दोघांची आधार कार्डं उलटीपालटी करून बघितली, कारण तिच्या कार्डावर अजून माहेरचं आडनाव होतं. "नवरा-बायको?" त्यानं विचारलं. अमृतनं मान खाली घालून "हो" म्हटलं. वर खोलीत ट्रकच्या आवाजानं खिडकीची काच हलत होती. दुपारचे बारा वाजले होते आणि चार वाजता त्याची ड्यूटी होती.

तिनं ठरवलं होतं, आधी सांगायचं, मग बाकीचं. तिनं सगळं सांगितलं. तो बुटांसकट पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता.

"लग्नाआधी माहीत होतं तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही हो. मागच्या महिन्यात कळलं."

तो उठला, बाटलीतलं पाणी प्यायला, खिडकीशी गेला. तिला वाटलं, हा आता दार उघडून निघून जाईल. मग तो वळला आणि म्हणाला, "आईला सांगू नको." आणि बूट काढायला लागला.

त्यानं तिला टाकलं नाही, रागावला नाही. पण "तुला कसं वाटलं" असंही विचारलं नाही. साडेतीनला तो गेला. उरलेला वेळ ती त्या खोलीत एकटी पडून राहिली, आणि पाच वाजता खाली येऊन पुण्याच्या बसला उभी राहिली.

असे तीन महिने गेले. तीन वेळा तेच लॉज. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या माणसानं कार्डं मागितली नाहीत.

चौथ्या महिन्यात पाळी चुकली. त्या सकाळी चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. केराबाई पिंप भरत होत्या. प्रियदर्शनी न्हाणीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, दिवस गेलेत मला."

केराबाईंनी पाइप तसाच सोडला. पाणी दारापर्यंत वाहत गेलं. "बिरुदेव पावला गं माझा!" म्हणत त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एवढ्या मायेनं त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता.

नाव नोंदवायला त्या हट्टानं दवाखान्यात बरोबर आल्या. नर्स एकेक विचारून फॉर्म भरत होती.

"आधी काही ऑपरेशन?"

"अपेंडिसचं झालंया," केराबाईंनीच सांगून टाकलं.

नर्सनं लिहायला सुरुवात केली. प्रियदर्शनीनं तिच्या पेनाकडं बघितलं. गप्प बसणं सोपं होतं. अमृतनं तेच सांगितलं होतं, आईनं तेच केलं होतं. पण मग हे खोटं आता तिचं झालं असतं.

"नाही सिस्टर," ती म्हणाली. "डावं अंडाशय काढलंय. अपेंडिक्स नव्हतं ते."

घरी आल्यावर केराबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "अमृतला ठावं हाय?"

"हो."

"तुज्या आईला?"

"हो."

"म्हंजे मलाच तेवढं न्हाई." त्या उंबऱ्यात बसल्या. "मी देवाला अनवानी चालत गेले गं. तुमी समदी बघत हुता."

दुसऱ्या दिवशी त्या मोहोळला लेकीकडं निघून गेल्या. अमृत फोनवर ओरडला, "कुणी सांगितलं होतं बोलायला? चार महिने गप बसली होतीस की!" मग त्याचे फोनही तुटक झाले. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो.

पोट वाढत गेलं. कारखान्यात पूनम तिला शेंगाचटणी आणून द्यायची. घरी मात्र एकाच ताटाचा स्वयंपाक. पहिल्यांदा बाळ हललं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. सांगायला कुणी नव्हतं. तिनं ओला टॉवेल हातात धरून थोडा वेळ वाट बघितली. ते पुन्हा हललं.

डोहाळजेवण झालं नाही. आठव्या महिन्यात एका सकाळी केराबाई पिशवी घेऊन परत आल्या. आल्या आल्या त्यांनी चूल सांभाळायला घेतली, तिला वाकून काही उचलू देईनात. रागावल्यात की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मुलगी झाली, अडीच किलोची, धडधाकट. अमृत रविवारी येणार होता. गोजाबाई सांगोल्याहून आली आणि वॉर्डच्या कोपऱ्यात डोक्यावरचा पदर पुढं ओढून जमिनीवर बसली. विहिणीकडं बघायची तिची छाती नव्हती. केराबाईंनी चहाचा पेला नेऊन तिच्यापुढं ठेवला आणि स्वतःही खाली बसल्या.

"तवाच मला सांगायचं की," केराबाई म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं तिला?"

"तवा तुमी कोन हुता, मला काय ठावं," गोजाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

केराबाई उठल्या नाहीत. थोड्या वेळानं दोघी हळूहळू बोलायला लागल्या, मेंढरांचं, पाण्याचं, बाळंतविड्याचं.

प्रियदर्शनी खाटेवरून ऐकत होती. त्या दोघींचं आता काहीतरी जुळत होतं. त्यात तिचं नाव दोनदा आलं, पण तिच्याकडं कुणी बघितलं नाही. तिनं कूस बदलली. मुलगी जागी होती, न रडता नुसती बघत होती.

"तुला सगळं सांगीन मी," प्रियदर्शनी तिला म्हणाली, इतकं हळू की खालच्या दोघींना ऐकू गेलं नाही.