ठिपका सोडायचा नाही
आमचे हे तेवीस वर्षं बस चालवतायत. मान हलत नाही, पण डोळे एका जागी ठरतील तर शपथ. डावा आरसा, उजवा आरसा, आतला आरसा, पुन्हा डावा. घरात जेवतानाही तेच. जित्याची खोड, दुसरं काय.

मोठ्या दिरांची नजर काचबिंदूने गेली, म्हणून ह्यांचीही तपासणी निघाली. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधला पिवळा ठिपका सोडायचा नाही, आणि कडेला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्या वेळी कागदावर वरच्या बाजूला काळे डाग उमटले. दुसऱ्या वेळी ते खाली उतरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरा डाग असा गावभर हिंडत नाही. ह्यांची नजर हिंडते, म्हणून दोन्ही अहवाल भरवशाचे नाहीत. भरवशाचं काही नाही हे मी लग्नापासून सांगतेय, पण माझं ऐकतो कोण.

डेपोला मात्र तिसरा अहवाल भरवशाचा हवा होता. नाहीतर ह्यांना बसवरून काढून टेबलाशी बसवणार होते. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. बसशिवाय हा माणूस जगेल कसा?

मग मी खुर्च्या समोरासमोर मांडल्या. माझ्या नाकाचा शेंडा सोडायचा नाही, अशी ताकीद दिली आणि कडेने बोटं हलवायला लागले. ह्यांची नजर प्रत्येक बोटामागे धावली. मी वैतागून उठले. चौथ्या दिवशी मात्र नजर चांगली पाच मिनिटं ठरली.

"तुझ्या नाकावर तीळ आहे?" हे म्हणाले.

"जन्मापासून."

तिसऱ्या तपासणीत नजर एकदाही ढळली नाही आणि डाग एकही निघाला नाही. डोळ्यातला दाब जास्त आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी परत यायचं, पण बस चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला तिथेच रडू आलं. यंत्रावरच्या बाईंनी ह्यांना विचारलं, या वेळी जमलं कसं? हे म्हणाले, ठिपक्यावरचा तीळ बघत होतो. बाईंनी कापड आणून यंत्र आतून पुसून घेतलं.

संध्याकाळी ह्यांनी स्वतःच खुर्च्या समोरासमोर ओढल्या.

"अहो, अजून सहा महिने आहेत," मी म्हटलं.

"असू देत," हे म्हणाले. "तेवीस वर्षं मागचंच बघत आलोय."