दोन कागदांचा डोंगर

मी एक जुना नकाशा आहे आणि मित्रांनो, माझ्याकडे बघताना जरा सावध राहा. मी दिसतो तसा नाही.

माझ्या अंगभर तपकिरी रेषा आहेत. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, ऐसपैस पसरल्या की चढ सोपा. हे खरंच आहे. पण एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जाताना किती मीटर चढायचं, हे आधी ठाऊक हवं.

मुळात मी एक नव्हतोच. दोन निराळे कागद होते. डाव्या कागदावर दर दहा मीटरला एक रेषा, उजव्यावर दर पन्नास मीटरला. दोन्हींच्या खाली तसं बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. शाळेने ते बाइंडरकडे दिले. त्याचा हात फार सफाईदार. त्याने समास कापले, त्यांच्याबरोबर ती बारीक अक्षरं कचऱ्यात गेली. मग मधल्या नदीच्या सपाट पात्रावर त्याने कागद असे चिकटवले की जोड शोधूनही सापडेना.

"वा, एकसंध दिसतोय!" मुख्याध्यापक म्हणाले आणि मी व्हरांड्यात टांगला गेलो.

सहली नेहमी डावीकडच्या टेकडीवर जात. एका वर्षी मात्र भूगोलाच्या बाईंनी नदीपलीकडे बोट ठेवलं. "इथल्या रेषा बघा किती विरळ! लहानग्यांनाही झेपेल." मला ओरडून सांगायचं होतं. पण कागदाला तोंड नसतं.

सहलीच्या दिवशी बस निघून गेली आणि एका मुलीची आई धापा टाकत आली. मुलगी स्वेटर विसरली होती.

"हुकली बघा बस, ताई," कारकून म्हणाला.

ती माझ्यापुढे थबकली. नदीपासून तिचं नख वर सरकू लागलं, मध्येच थांबलं, पुन्हा खाली आलं. मग ती डावीकडचे आकडे वाचू लागली.

"अहो, इकडे पाचशे दहा, पाचशे वीस. आणि तिकडे पाचशे पन्नास, सहाशे! तिकडची एक रेषा म्हणजे इकडच्या पाच. शेवटी तर नुसता कडा आहे!"

"आई झालं की प्रत्येक टेकडीचा कडाच होतो हो," कारकून हसला.

बाईंचा फोन लागेना. ती स्कूटर काढून निघाली. स्वेटर बाकावरच राहिला.

मग धुकं उतरलं. व्हरांड्याच्या जाळीतून दिसणारा डोंगर पुसला गेला. कारकून उगाचच बाहेर येई, माझ्याकडे बघे आणि आत जाई. आता तो हसत नव्हता.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"सगळी आहेत? मोजलीत ना? पुन्हा मोजा, ताई... बरं. बरं." तो खुर्चीत बसला. मुख्याध्यापक दारात उभे होते. "मुलं सापडली, सर. धुक्यात एका अरुंद कपारीत बसली होती. बाई त्यांना धीर देत होत्या, आता दोनच रेषा उरल्या म्हणून."

दोन रेषा. डावीकडे वीस मीटर. तिथे शंभर, ओल्या दगडावरून, सरळ वर.

बाई म्हणाल्या, फाडून टाका. पण फाडायला कुणाचा हात धजला नाही. मी रद्दीत गेलो. रद्दीवाल्याला मी देखणा वाटलो, त्याने मला विकलं आणि आता मी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, एका लॉजच्या भिंतीवर, काचेआड टांगलेला आहे. लोक माझे फोटो काढतात.

आज एक कुटुंब माझ्यापुढे उभं आहे. वडिलांच्या खांद्यावर लहान मूल आहे. "उजवीकडूनच जाऊ. तिकडे रेषा कमी आहेत," ते म्हणतायत.

मित्रांनो, रेषा मोजण्याआधी त्यांच्यावरचे आकडे वाचा. कुणी वाचत नसेल तर त्याचा हात धरून त्याला थांबवा. मला हाक मारता येत नाही आणि ते बुटांच्या नाड्या बांधतायत.