व्याह्याची गाडी

मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर दिसत होते, पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये एक लाख शहाऐंशी हजारांची नोंद होती. मीटर मागे फिरवताना ही नोंद पुसायची राहून गेली होती.

गाडी विकणारा त्याचा व्याही होता. लेक त्याच घरात नांदत होती, सातव्या महिन्यात होती.

"काय म्हणतंय मशीन?" गाडी घ्यायला आलेल्या नर्सने खिडकीतून वाकून विचारलं.

"बेचाळीसच म्हणणार!" व्याही हसला. "तपासणारे आमचे व्याहीबुवाच आहेत. घरचा माणूस!"

मेकॅनिकपुढे इकडे आड, तिकडे विहीर. "जरा थांबा, ताई," म्हणत त्याने तीच नोंद पुन्हापुन्हा उघडली. आकडा काही बदलेना. शेवटी त्याने स्कॅनर तिच्याकडे वळवला. "तुम्हीच वाचा."

नर्स गाडी न घेताच गेली. व्याही गाडी घेऊन तडक निघून गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, थोडे दिवस इकडे येऊ नका."

"तू बरी आहेस ना?"

मागून सासऱ्याचा आवाज आला. "हो, बरी आहे," ती घाईने म्हणाली. "ठेवते."