फ्रेममधली हात्सुए

जपानच्या याइझू बंदरात तोकुजीची "ओई!" ज्याने ऐकली नाही तो बहिरा तरी असावा, नाहीतर अजून जन्मायचा असावा. तोकुजी ट्यूनाच्या बोटीवर तांडेल होता. तो "ओई" म्हणाला की धक्क्यावरची मांजरं तोंडातला मासा टाकून पळायची. एकदा तर म्हणे दुसऱ्याच कोणाची बोट बंदराबाहेर पडता पडता मुकाट्याने परत फिरली होती. घरात बायकोलाही तीच हाक. ओई, चहा. ओई, छत्री. ओई, माझा चष्मा कुठं मेला? बायकोचं नाव हात्सुए आहे हे त्याला ठाऊक असणार, लग्नाच्या कागदावर होतं ते. पण तोंडातून कधी पडलं नाही. शाळेत बाईंनी आईचं नाव विचारलं तेव्हा धाकट्या लेकीने बिनदिक्कत "ओई" सांगितलं होतं.

हात्सुएने कधी तक्रार केली नाही. म्हणेल कधीतरी, घाई काय आहे, असं म्हणत तिने केस पांढरे केले. आणि मग तोकुजीचे शब्दच गळायला लागले.

आधी अवजारांची नावं गेली, मग माशांची. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं त्या ट्यूनाला तो "तो मोठा" म्हणू लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतलं शब्दांचं कोठार सुकत चाललंय, ते काही पुन्हा भरायचं नाही. पण चार शब्द काही दिवस धरून ठेवता येतील. कपाळाच्या डाव्या अंगाला मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज पट्ट्याने बांधायचा, त्यातून मुंग्या आल्यासारखी वाटेल इतपत वीज सोडायची, आणि ती चालू असतानाच चित्रं दाखवून नावं म्हणवून घ्यायची.

"काकू, घरातल्या रोजच्या गोष्टींचे फोटो आणा," सेरिझावा बाई म्हणाल्या. बोलणं शिकवणारी ही मुलगी वयाने नातीएवढी. "पण मोजकेच हं. ज्याचा सराव होईल तेवढंच टिकतं."

हात्सुएने किटलीचा फोटो काढला, सपातांचा काढला, रेडिओचा काढला. तिला हवा होता तो शब्द मात्र निराळाच होता. त्यासाठी तिने सगळे अल्बम उपसले. पण फोटोंत ती होतीच कुठे? कॅमेरा तिच्या हातात असायचा, नाहीतर ताट घेऊन येताना तिचं नुसतं कोपर आलेलं असायचं. धड असा एकच फोटो निघाला. शेजारपाजारच्या बायकांबरोबर हौसेने जाऊन काढलेला, आपल्या अंत्यविधीला लागेल म्हणून ठेवलेला. जांभळा किमोनो, काळी फ्रेम.

"अगं बये, मरणाचा फोटो घेऊन दवाखान्यात निघालीस?" शेजारच्या तोमेने कपाळावर हात मारला. "डॉक्टर पळून जाईल ना!"

"पळू दे. यात माझं नाक सरळ आलंय."

स्पंज डोक्याला लागला की तोकुजी नाक वर करायचा आणि "भरती," म्हणायचा. मिठाचा वास, दुसरं काय. किटली लवकर आली. सपाता आल्या. जांभळ्या किमोनोपाशी मात्र बोट रोज खडकावर. सेरिझावा बाईंनी हार मानली नाही. आणि एका सकाळी तो फ्रेमकडे बघून स्पष्ट म्हणाला, "हात्सुए."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. हात्सुए नळाशी गेली आणि धुतलेला चेहरा पुन्हा पुन्हा धूत राहिली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत कान देऊन उभी राहिली. आता येईल हाक.

"ओई! चहा!"

चहा नेऊन दिला. तोकुजीने तो प्यायला नाही. पिशवीतून फ्रेम काढली आणि असला फोटो जिथे ठेवतात तिथेच नेऊन ठेवली: पितरांच्या देव्हाऱ्यात, त्याच्या गेलेल्या आईच्या फोटोशेजारी. पेला पुढे ठेवला, घंटी वाजवली, हात जोडले.

"हात्सुए," तो म्हणाला. आवाज इतका मऊ की देव्हाऱ्यातली आईसुद्धा चमकली असेल. "थंडी आहे. घे. गरम."

दुसऱ्या दिवसापासून चहा तो स्वतः करू लागला. ज्याला स्वयंपाकघर घराच्या कुठल्या अंगाला आहे हे ठाऊक नव्हतं, तो माणूस! किटली, पाणी, पेला, सगळं त्या फ्रेमसाठी. मग डोळे पुसत म्हणायचा, "चांगली होती हात्सुए. फार चांगली." आणि लगेच मान वळवून, "ओई! मासा खारट!"

"अहो, ती मीच," एकदा ती त्याच्यासमोर बसून म्हणाली. "हे बघा. नाक बघा."

त्याने फ्रेमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "तू ओई."

हे ऐकून सेरिझावा बाईंची मान खाली गेली. "नाव चित्राला चिकटलं, काकू. माणसापर्यंत पोचलं नाही. होतं असं. तुमचा आत्ताचा फोटो घेऊन बघू या?"

बघितलं. एप्रन घातलेला फोटो धरला, पुष्कळदा वीज सोडली. पण आता नवं काही चिकटायला जागा उरली नव्हती. आपल्याच मरणाच्या फोटोची सवत व्हायची पाळी हात्सुएवर आली. ती रोज त्याने ठेवलेला चहा गार झाल्यावर उचलायची आणि मोरीत ओतायची. प्यावासा वाटायचा, पण तो तिच्यासाठी नव्हता.

एका सकाळी ती देव्हाऱ्याच्या बाजूच्या कागदी दारामागे जाऊन बसली. मन घट्ट केलं होतं. एकदा तरी ओ द्यायचीच.

घंटी वाजली. "हात्सुए."

"काय हो?" ती म्हणाली.

पेला पालथा झाला. आणि वर्षभर दबलेला तो आवाज, बोटी परत फिरवणारा, घरभर घुमला. "ओई! ओई! ये! लवकर!"

तिचे गुडघे सवयीने आपोआप उठले. पण दारामागून निघाले तर आणखी घाबरेल, म्हणून ती मागच्या अंगाने, स्वयंपाकघरातून वळसा घालून आली. "आले, आले."

त्याने तिची बाही मुठीत धरली. फ्रेमकडे बोट दाखवलं. ओठ हलले, शब्द एकही सापडेना.

"कोणी नाही हो," ती म्हणाली. "वारा होता."

आणि सांडलेला चहा पुसायला तिने फडकं घेतलं.